साक्ष आणि रकाना : भंडाऱ्याच्या दलित ख्रिस्ती जीवनाची एक बाजू

जून महिना उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर प्रवेशाची गर्दी होते. अर्ज आता संगणकावर भरतात, पण रकाने तेच आहेत. नाव, वडिलांचे नाव, आणि मग दोन रकाने : धर्म आणि जात. बहुतेक मुले ते सहज भरतात. एखादा मुलगा मात्र तेथे अडतो, इकडेतिकडे पाहतो. मग कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवते. कारण हा प्रश्न सरांना कळतो, हे कार्यालयातील मंडळींना ठाऊक आहे.

मला तो कळतो, कारण मी त्याच रकान्यात अडकलेल्या घरातला आहे. माझी पणजी जन्माने महार. तिने भंडाऱ्यात बाप्तिस्मा घेतला. तिच्या चार पिढ्यांत महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. आज भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे शेकडा एकाहूनही कमी आहेत. त्यांतली आमच्यासारखी घरे हिंदूंच्या लेखी महारच राहिली आणि सरकारच्या लेखी महार राहिली नाहीत. बौद्ध बांधवांच्या लेखी ती काय आहेत, हे मी याच पानांवर विचारू इच्छितो, कारण ही पाने माझ्याच माणसांची आहेत.

ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष’ हा शब्द फार वापरतात. आपल्या विश्वासाविषयी दुसऱ्याला सांगणे म्हणजे साक्ष देणे. कोर्टातही साक्षच देतात. कोर्टातल्या साक्षीत खोटे बोलले तर शिक्षा होते. आमच्याकडे मात्र खरे बोलणाऱ्याला शिक्षा झाली. ती कशी झाली, हाच या लेखाचा विषय आहे.

*

मराठी ख्रिस्ती इतिहास म्हटला की प्रस्थापित अभ्यासकाला ठरलेली नावे आठवतात : बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक. ही माणसे मोठी होती, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यांच्यापाशीच थांबण्याविषयी.

टिळकांची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक मिशनरी भेटला. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण ती गाडी कोणत्या मुलखातून गेली, हा प्रश्न साहित्याच्या इतिहासकाराला पडत नाही. नागपूर सोडले की ती वाट भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया अशी जाते. हा सगळा तेव्हाचा भंडारा जिल्हा. गोंदिया तर १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. रुळांच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. रोवण्याच्या दिवसांत त्या चिखलात ज्या बाया वाकलेल्या दिसतात, त्यांत आमच्या बाया होत्या. गाडीच्या डब्यात एका ब्राह्मण कवीच्या हातात पुस्तक पडले आणि तो इतिहास झाला. खिडकीबाहेरच्या बाईच्या हातात तेच पुस्तक पडले, तेव्हा तिला ते वाचताही येत नव्हते. तिने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. तिचा इतिहास झाला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपला विटाळ कसा सुटला ते मोकळेपणाने सांगितले आहे. नवऱ्याने धर्म बदलल्यावरही काही काळ त्या सोवळे सांभाळून होत्या; पुढे जात माणसाने केली आहे हे त्यांना उमगले आणि त्यांनी ते ओझे टाकले. मराठी वाचकाने या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली, ती योग्यच आहे. पण जी विटाळ मानीत होती तिचे मन आपल्याला कळले. जिचा विटाळ मानला जात होता तिने काय टाकले आणि काय धरून ठेवले, हे कोणी लिहिले? हे लिहिले न जाणे हा अपघात नाही. ज्याच्या हाती लेखणी त्याचा धर्मही इतिहासात जातो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

*

आमच्या भागात हे मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूर-कामठी भागात आला. त्याने शाळा काढली, येथील दगडांचा आणि गोंडांचा अभ्यास केला, आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ रात्री ओढ्याच्या पुरात तो बुडून मेला. १८८३ मध्ये त्याच्या नावाने नागपुरात महाविद्यालय निघाले. त्याच सुमारास, रेल्वेचा रूळ पूर्वेकडे सरकला तसे मिशनही सरकले, आणि भंडाऱ्याला त्याचे ठाणे झाले. पुढे तेथे दवाखाना चालला. १९२४ मध्ये हे चर्च उत्तर भारतीय संयुक्त चर्चमध्ये सामील झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा त्यात.

पणजी त्या दवाखान्यात झाडू मारायला लागली. पुढे ती जखमा धुऊ लागली, पट्ट्या बांधू लागली. आमच्या घरात तिची जी आठवण राहिली ती प्रवचनाची नाही. तिला प्रवचन येत नव्हते. प्रभूची प्रार्थना आणि दोन-तीन भजने, एवढेच तिचे शास्त्र. आठवण आहे ती हातांची. गावात ज्या पाटलाच्या अंगणात तिने उभे राहायचे नाही, त्याच्या घरचा माणूस पाय सडवून दवाखान्यात आला की त्याचा पाय तिच्या मांडीवर असे. पू धुताना तिला कोणी विचारले, “बाई, तुले किळस कशी येत नाही?” ती म्हणाली, “माह्याही पायाले कोणीतरी हात लावला होता.” येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही कथा तिने ऐकली होती. ही तिची साक्ष. यापेक्षा जास्त धर्मप्रसार तिने आयुष्यात केला असेल असे मला वाटत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. स्पर्श हा आपल्या समाजात सत्तेचा प्रश्न आहे. कोणी कोणाला शिवायचे हे शास्त्राने ठरवलेले. घाण काढण्यासाठी आमचा हात चालत होता. बरे करण्यासाठी तो चालतो, हे नवे होते. ज्या हाताने विटाळ होतो म्हणून सांगितले, त्याच हाताने जखम भरते, हे पणजीने रोज पाहिले. तिच्या श्रद्धेचे मूळ येथे आहे. त्याला आमिष म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो : भुकेल्याला भाकरी हवी असली तर तो लोभ, आणि पोट भरलेल्याला मोक्ष हवा असला तर ती श्रद्धा, हा न्याय कोणी ठरवला? दुष्काळात धान्यासाठी कोणी बाप्तिस्मा घेतलाच नाही, असा माझा दावा नाही. पण औषध, अक्षर आणि माणुसकीची हाक यांची इच्छा धरणे हा लोभ असेल, तर सगळी दलित चळवळच लोभी ठरेल.

*

मात्र चर्चची बाजू घेऊन मी येथे उभा नाही. चर्चने आमचा विश्वासघात केला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही साक्ष पुरी होत नाही.

जाईबाई चौधरींचे उदाहरण वाचकांना माहीत असेल. १८९२ साली उमरेडला जन्मलेली ही महार मुलगी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहत असे. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी तिला शिकवले, मिशनच्या शाळेत नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच पालकांनी बहिष्कार टाकला, आणि जाईबाईंना पुन्हा डोक्यावर ओझे घ्यावे लागले. त्या मोडल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये ही हकिकत जतन केली नसती, तर तीही गेलीच असती. एका मिशनरी बाईने जाईबाईंना उचलून धरले. पण संस्थेची वेळ आली तेव्हा संस्था पालकांच्या जातीपुढे नमली. साक्ष देणारी माणसे वेगळी आणि संस्था वेगळी, हे या एका प्रसंगात स्पष्ट होते.

बाबासाहेबांनी या रोगाचे निदान अचूक केले. त्यांचे या विषयावरील लेख त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. १९८९ मध्ये वसंत मून यांनी संपादित केलेल्या पाचव्या खंडात ते आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मिशनांच्या शाळा-दवाखान्यांचा मोठा लाभ वरच्या जातींनी घेतला, धर्मांतरिताची जात चर्चमध्येही त्याच्याबरोबर आली, आणि चर्चने त्याला त्याच्या दुःखाचे कारण त्याचेच पाप म्हणून शिकवले, समाजरचना म्हणून नाही. म्हणून त्याच्यात लढण्याची धग उरली नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे वाचताना यातना होतात. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातले एकही विधान खोडता येत नाही.

*

१९५४ हे साल आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. दोन्ही घटना एकाच उन्हाळ्यातल्या.

पहिली सर्वांना ठाऊक आहे. भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. माझे आजोबा तेव्हा चोविशीत होते. रविवारी सकाळी उपासना आणि दुपारी सायकलवरून खेड्याखेड्यांत बाबासाहेबांचा प्रचार, असा त्यांचा क्रम होता. या दोहोंत त्यांना विसंगती दिसली नाही.

दुसरी घटना आपण विसरलो आहोत. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने एप्रिल १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. धर्मांतरासाठी वैद्यकीय सेवेचा उपयोग करण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी त्यात शिफारस होती. म्हणजे माझ्या पणजीचे ते हात सरकारच्या लेखी संशयित ठरले. आणि इतिहासाची गंमत अशी की याच नियोगींनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या वेळी, नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मी हे उपहासाने लिहीत नाही. ज्याने इतरांच्या धर्मांतराची चौकशी केली त्यालाही एक दिवस स्वतःचा धर्म बदलावासा वाटला, यात धर्मांतराच्या हक्काचाच विजय आहे. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. पण १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत आमचा जिल्हा तिकडून निघाला होता, म्हणून तो आम्हाला लागू झाला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ नागपूरला गेले. लाखोंच्या त्या गर्दीत भावाने दीक्षा घेतली. आजोबा शेजारी उभे राहिले, बाबासाहेबांकडे डोळे भरून पाहिले, पण प्रतिज्ञा म्हटल्या नाहीत. परत येताना भावाने कारण विचारले. आजोबा म्हणाले, “तू हिंदू धर्म सोडला. मी तं तो आईच्या पोटातच सोडला होता. आता मी काय सोडू? आईचे हात सोडू?” भाऊ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या एका अंगणात दोन घरे झाली; एक बुद्धाचे, एक ख्रिस्ताचे. चौदा एप्रिलला त्या घरची खीर या घरी येते आणि नाताळच्या करंज्या त्या घरी जातात. दोन्ही घरांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. आजोबांचा निर्णय बरोबर आणि भावाचा चूक, किंवा उलट, असे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. दोघांनीही गुलामीला नकार दिला, एवढे मला पुरते.

*

सरकारला मात्र ते पुरले नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असे ठरले. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. बौद्धांना तो हक्क मिळवायला चौतीस वर्षे झगडावे लागले, हे या वाचकांना सांगायला नको. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आमची गणना इतर मागासवर्गांत होते. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सांगितले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन जाते, असे सरकार मानते. गाव ते मानत नाही. विहिरीवर, घर भाड्याने मागताना, लग्न जुळवताना कोणी आमच्या बाप्तिस्म्याचा दाखला पाहत नाही.

याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, ते आमच्या घराने भोगले आहे. आत्याला शाळेत घालताना तेथील गुरुजींनी आजोबांना समजावले, ‘हिंदू-महार’ लिहा, पोरीला शिष्यवृत्ती मिळेल. आजोबांनी रात्रभर विचार केला आणि तसे लिहू दिले. आत्या शिकली, नर्स झाली, तिच्या पगारावर घर उभे राहिले. तीन वर्षांनी माझ्या वडिलांची वेळ आली. एकदा खोटे बोललो, पुन्हा नाही, असे म्हणून आजोबांनी ‘ख्रिश्चन’ लिहिले. वडील दहावीनंतर धानाच्या गिरणीत पोती उचलायला लागले.

आत्या आज हयात नाही, म्हणूनच हे लिहितो. नोकरीत असताना ती दर रविवारी उपासनेला येई, पण प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राही. भाकर आणि द्राक्षरस समोरून जात, ती हात पुढे करीत नसे. निवृत्त झाल्यावर पहिल्या रविवारी तिने तो घेतला. लहानपणी मला वाटे, आत्या अविश्वासू आहे. आता वाटते, आमच्या मंडळीत त्या भाकरीची किंमत तिच्याइतकी कोणालाच कळली नव्हती. एकाच बापाची दोन लेकरे. एकाला खोट्याने वर काढले, दुसऱ्याला खऱ्याने खाली ठेवले. मग अप्रामाणिक कोण? रकाना भरणारी, की रकाना आखणारा?

*

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. मी तेव्हा बारावीत होतो. नोव्हेंबरात सगळा विदर्भ पेटला. त्या महिन्यात एका रविवारी मी आजीबरोबर उपासनेला गेलो. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना झाली, आजाऱ्यांसाठी झाली, पिकासाठी झाली. खैरलांजीचे नाव निघाले नाही. आशीर्वादाआधी आजी उठून उभी राहिली. कोणी सांगितले नव्हते. ती म्हणाली, “प्रभू, खैरलांजीच्या त्या माउलीचं अन् तिच्या लेकरायचं नाव आमच्या तोंडी आलं नाही. आमाले भेव लागते. आमचं भेव काढ.” आणि बसली.

मंडळीत कोणीही ‘आमेन’ म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला तेव्हा आमच्या मंडळीतली सातजणे त्यात होती. आजी त्यांत होती. चुलत आजोबांच्या घरची माणसे पुढे निळा झेंडा घेऊन चालली होती. आजी त्यांच्या शेजारी गेली. कोणीच कोणाला धर्म विचारला नाही.

विश्वासात टिकून राहणे म्हणजे काय, याचे एवढे तीन धडे मला माझ्या घरातून मिळाले : पणजीचे हात, आत्याचे मागचे बाक, आजीचे उभे राहणे. यांतल्या एकीनेही कोणाला ‘ख्रिस्ती हो’ म्हटले नाही. तरी शेजारपाजारच्या माणसांना ख्रिस्त कोण होता हे कळले असेल, तर ते यांच्यामुळेच. बाबासाहेबांनी ज्या चर्चवर टीका केली, त्या चर्चला बदलण्याची ताकद असलीच तर ती या बायकांच्या धर्मात आहे. आणि बाबासाहेबांचा प्रश्न टाळून जो ख्रिस्ती राहतो, तो ख्रिस्तालाही पुरता मानीत नाही, असे माझे मत झाले आहे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझे एक मागणे आहे. जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या जेथे असतील तेथे आपल्या तरुण अभ्यासकांनी, बौद्ध असोत वा ख्रिस्ती, त्या उघडून पाहाव्यात. अस्पृश्यांची नावे कागदावर आदराने लिहिली गेल्याच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांत या नोंदवह्या आहेत. वाळवी त्यांची जात पाहणार नाही.

आणि रकान्यात अडलेला तो मुलगा? मी त्याला काय लिही ते सांगत नाही. नियम सांगतो, दोन्ही बाजूंची किंमत सांगतो, आत्याची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने सगळे ऐकून घेतले आणि धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहिले. मग मला विचारले, “सर, आता फी किती पडेल?” मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बाबांना विचारून येते.” ती परत येईपर्यंत मी कार्यालय बंद होऊ दिले नाही.